आदिलाबादला येतोस, तर ऐक

भाच्या, आमच्याकडे यायचं तर सुट्टी बघून नको, पंचांग बघून ये. पौष अमावास्या गाठलीस तर केस्लापूरची नागोबाची जत्रा दिसेल. एरवी आलास तर नुसतं देऊळ दिसेल.

नागपूरकडून हमरस्त्यानं पैनगंगा ओलांडलीस की पुढे भोरज फाटा लागतो. शहरात शिरायच्या आधी तिथूनच जैनदला वळ. देऊळ लक्ष्मीनारायणाचं आहे, पण गावाच्या नावावरून लोक ते जैनांचं ठरवून मोकळे होतात. तिथल्या शिलालेखात मात्र निराळंच आहे. परमार जगद्देवाच्या काळात लोलार्क नावाचा दंडनायक होता. त्याच्या बायकोनं, पद्मावतीनं, निंबादित्याचं म्हणजे सूर्याचं देऊळ बांधलं.  वर्षातल्या ठरावीक दिवसांत कोवळं ऊन देवाच्या पायांवर येतं, असं गावकरी सांगतात. म्हणून सकाळीच जा.

केस्लापूर इंद्रवेल्लीजवळ. तिथला नागोबा गोंडांमधल्या मेश्राम कुळाचा. ही मंडळी गोदावरीचं पाणी झारीत भरून अनवाणी चालत आणतात, वडाखाली मुक्काम करतात आणि अमावास्येच्या मध्यरात्री पूजा मांडतात. पांढरी लुगडी नेसलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट होते, तेव्हा फोन खिशात ठेव आणि मागे उभा राहा. ते त्यांचं घरचं कार्य आहे. फोटो हवाच असेल तर आधी कुळातल्या जाणत्याला विचार. म्हातारे गोंड मराठी छान बोलतात.

माझं ऐकशील तर दर्शनाच्या रांगेपेक्षा तिसऱ्या दिवशीच्या दरबारात बस. १९४० मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्ध उठलेला गोंड नेता कोमरम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारनं हायमेनडॉर्फ या अभ्यासकाला गोंडांत पाठवलं, आणि १९४२ पासून जत्रेत दरबार भरू लागला. जमीन, पट्टा, रस्ता, पाणी, सगळं अधिकाऱ्यांसमोर तोंडावर मांडलं जातं. उत्तरं काय मिळतात ते सोड, प्रश्न ऐक.

येता-जाता इंद्रवेल्लीचा स्तंभ बघ. २० एप्रिल १९८१ ला जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर तिथं गोळीबार झाला. मेलेल्यांचा सरकारी आकडा तेराचा. गावात विचारशील तर तो कुणी मान्य करायचा नाही. पहिला स्तंभ उडवून दिला होता, हा नंतर उभारलेला.

कुंतालाचा धबधबा वेगळ्या दिवशी ठेव, कडेम नदीवर, नेरडिगोंडाकडे. उतरताना पायऱ्या जाणवत नाहीत, चढताना गुडघे बोलतात, म्हणून मामीला वरच बसव. शिवरात्रीला तिथल्या सोमण्णा महादेवाला गर्दी लोटते. पावसाळ्यात पाणी खरं देखणं, पण डोहात पाय घालायचा नाही. खडक शेवाळलेला असतो, आणि दरवर्षी कुणीतरी पोहता येतं म्हणूनच उतरतो.