सुळ्यांची मागणी : एका मत्सरी राणीची कथा

प्रस्तावना

प्राण्यांच्या जगावर आधारलेले ॲनिमेशनपट आपण दूरचित्रवाणीवर किंवा चित्रपटगृहात पाहिले असतील. अशा अनेक चित्रपटांत प्राण्यांचे एक राज्य असते, न्यायी राजा असतो आणि त्याच्या सिंहासनावर डोळा ठेवून बसलेला कोणी आप्तही असतो. अमेरिकेतील डिस्ने या संस्थेने १९९४ साली काढलेल्या 'द लायन किंग' या चित्रपटातील 'स्कार' नावाचा सिंह हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तो सख्ख्या भावाचा, म्हणजे राजाचा, घात करतो आणि त्या मृत्यूचा दोष अजाण पुतण्याच्या माथी मारतो.

राजघराण्यातील कपट आणि प्राण्यांची कथा यांची ही सांगड मात्र नवी नाही. भारतात ती दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरली गेली आणि भिंतींवर रंगवली गेली. कोलकात्याच्या संग्रहालयात जतन केलेली अशीच एक कथा या पाठात आपण अभ्यासणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• छद्दंत जातकाचे कथानक स्वतःच्या शब्दांत सांगता येईल;
• भारहुत व अजिंठा येथील कलेचे कथाकथनाच्या दृष्टीने महत्त्व स्पष्ट करता येईल;
• कथेतील खलपात्राच्या कृतीमागील कारणे शोधता येतील;
• जुन्या व नव्या कथांतील खलपात्रांची तुलना करता येईल.

पाठ

१. कोलकात्यातील दगडी कथा

कोलकात्यातील भारतीय संग्रहालयाची स्थापना १८१४ साली एशियाटिक सोसायटीच्या आश्रयाखाली झाली. चौरंगी भागातील आजची भव्य वास्तू १८७८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. बंगाली लोक या वास्तूला 'जादुघर' म्हणतात. तेथील एका दालनात तांबूस वालुकाश्माचे उंच स्तंभ आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिळा उभ्या आहेत. हा भारहुतच्या बौद्ध स्तूपाचा कठडा होय.

भारहुत हे ठिकाण मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास तेथील स्तूपाभोवती हा कठडा उभारला गेला. पुढे स्तूप ओस पडला. आसपासच्या लोकांनी त्याच्या विटा आणि दगड घरे बांधण्यासाठी नेले. १८७३ साली पुरातत्त्ववेत्ते अलेक्झांडर कनिंगहॅम तेथे पोहोचले, तेव्हा मूळ बांधकामाचा थोडासाच भाग शिल्लक होता. उरलेली शिल्पे नष्ट होऊ नयेत म्हणून ती कोलकात्याला हलवण्यात आली.

या शिल्पांचे एक वैशिष्ट्य असे की, अनेक दृश्यांजवळ ब्राह्मी लिपीत त्या त्या कथेचे नाव कोरलेले आहे. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांना 'जातक' म्हणतात. पाली भाषेतील संग्रहात अशा ५४७ कथा आहेत. त्यांत बोधिसत्त्व कधी हरीण, कधी वानर, तर कधी हत्ती होऊन जन्मतो. भारहुतच्या एका शिल्पाजवळ छद्दंत जातकाचे नाव आढळते. त्या शिल्पात एक शिकारी करवतीने हत्तीचे सुळे कापत आहे.

या कथा ज्या पाली भाषेत आहेत, तिचे अध्यापन विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्यात एका मराठी विद्वानाने केले. गोव्यातील साखवळ येथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) हे ते विद्वान होत. बौद्ध साहित्याची ओळख मराठी वाचकांना करून देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

२. छद्दंत जातक

हिमालयात छद्दंत नावाच्या सरोवराकाठी आठ हजार हत्तींचा एक कळप राहत असे. त्यांचा राजाही छद्दंत याच नावाने ओळखला जाई. महासुभद्दा आणि चुल्लसुभद्दा या त्याच्या दोन राण्या होत्या.

एकदा शालवृक्षांना बहर आला असता सारा कळप वनात गेला. गजराजाने आनंदाच्या भरात एका वृक्षाला मस्तकाने धडक दिली. वारा वाहत होता. त्यामुळे फुले, पराग आणि कोवळी पाने महासुभद्देच्या अंगावर पडली. चुल्लसुभद्देच्या अंगावर मात्र वाळक्या काटक्या, पाचोळा आणि तांबड्या मुंग्या पडल्या. 'आपल्या लाडकीवर याने फुले उधळली आणि माझ्यावर मुंग्या,' असे तिच्या मनाने घेतले. पुढे एका हत्तीने राजाला सुंदर कमळ अर्पण केले. तेही राजाने महासुभद्देला दिले. आता चुल्लसुभद्देच्या मनातील अढी पक्की झाली.

तिने सत्पुरुषांना फळे दान केली आणि त्या पुण्याच्या मोबदल्यात विलक्षण मागणे मागितले. पुढच्या जन्मी राजकन्या व्हावे, वाराणसीच्या राजाची पट्टराणी व्हावे आणि या गजराजाचा जीव घेता यावा, हे ते मागणे होते. त्यानंतर तिने अन्नपाणी सोडून देह ठेवला.

तिचे मागणे फळाला आले. वाराणसीची राणी झाल्यावर तिला पूर्वजन्माचे स्मरण झाले. तिने मलिन वस्त्रे नेसून आजारपणाचे सोंग घेतले. राजाने विचारपूस केली, तेव्हा 'मला एक डोहाळा लागला आहे. तो पुरा न झाल्यास मी जगणार नाही,' असे तिने सांगितले. राजाने राज्यातील सारे शिकारी बोलावले. त्यांतून राणीने सोणुत्तर नावाचा धिप्पाड आणि क्रूर शिकारी निवडला. गजराज कोठे राहतो, कोठे स्नान करतो, हे सारे तिने त्याला समजावून दिले.

सात वर्षे, सात महिने आणि सात दिवस चालून सोणुत्तर सरोवराशी पोहोचला. त्याने खड्डा खणला, वर फळ्या टाकल्या आणि अंगावर तपस्व्याचे काषाय वस्त्र घेऊन तो आत दडून बसला. गजराज वरून जाऊ लागताच त्याने खालून विषारी बाण सोडला. वेदनेने व्याकूळ झालेल्या गजराजाने शिकाऱ्याला पकडले. परंतु काषाय वस्त्र दिसताच त्याने आपला क्रोध आवरला. 'मला का मारलेस?' एवढेच त्याने विचारले. राणीचे नाव ऐकताच त्याला सारे उमगले. आपल्या पूर्वजांचे कितीतरी सुळे उपलब्ध आहेत, हे राणीला ठाऊक असताना तिला हवे आहेत ते सुळे नव्हेत, आपला प्राण आहे, हे त्याने ओळखले.

शिकाऱ्याला सुळे कापता येईनात. तेव्हा गजराजाने करवत स्वतःच्या सोंडेत धरली, सुळे कापून त्याच्या हाती दिले आणि प्राण सोडला.

सुळे राजवाड्यात आले. राणीने ते मांडीवर घेतले. पूर्वजन्मीचा आपला पती तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तो शोक तिला सहन झाला नाही आणि त्याच दिवशी तिने प्राण सोडला.

३. राणीच्या कपटाची रीत

या कथेत राणीने स्वतःच्या हाताने कोणालाही मारलेले नाही. तिच्याकडे शस्त्र नाही, सैन्य नाही. तिने तीन गोष्टींचा उपयोग करून घेतला : राजाचे प्रेम, समाजाची रीत आणि शिकाऱ्याची लालसा. गर्भवती स्त्रीचे डोहाळे पुरवावेत, ही रीत सर्वांना मान्य होती. पालीतील 'दोहळ' आणि मराठीतील 'डोहाळे' हे शब्द एकाच कुळातील आहेत, यावरून ही रीत किती जुनी आहे ते कळते. जिव्हाळ्याच्या या रीतीआड राणीने आपला सूड लपवला. शिकाऱ्यानेही तेच केले. ज्या वस्त्राकडे लोक विश्वासाने पाहतात, ते वस्त्र त्याने शिकारीसाठी वापरले.

रामायणातील कैकेयीही राजाच्या शब्दाच्या बळावरच रामाला वनवासाला धाडते. ॲनिमेशनपटातील स्कार तरसांना हाताशी धरतो आणि पुतण्याच्या भाबडेपणाचा फायदा घेतो. पात्रे निरनिराळी असली, तरी रीत एकच आहे. राजघराण्यातील कपटी मनुष्य दुसऱ्याच्या हाताने काम करवून घेतो. म्हणून अशा कथांत 'कोणी मारले?' या प्रश्नापेक्षा 'कोणी मारवले?' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

या कपटाचे मूळ कशात आहे? फुले एकीच्या आणि मुंग्या दुसरीच्या अंगावर पडल्या, त्या वाऱ्यामुळे. राजाच्या मनात पक्षपात नव्हता. कमळाच्या बाबतीत मात्र राजाने एकीचा विचार केला आणि दुसरीचा केला नाही, हे कथा लपवत नाही. चुल्लसुभद्देला दुःख झाले, यात तिचा अपराध नाही. तिने ते दुःख राजाजवळ एकदाही बोलून दाखवले नाही आणि राजानेही तिचा उतरलेला चेहरा पाहिला नाही. न बोललेले दुःख मनात कुजत गेले आणि त्याचा सूड झाला. घरातील वाटण्या, भावंडांतील तुलना, कामाच्या ठिकाणी एकालाच मिळणारी शाबासकी अशा प्रसंगी आजही हेच घडते.

४. दोन शेवट

'द लायन किंग'च्या शेवटी स्कारला त्याचेच साथीदार असलेले तरस मारतात. प्रेक्षकांना न्याय झाल्याचे समाधान मिळते. ॲनिमेशनपटातील खलपात्राला बहुधा असाच शेवट येतो. ते पडद्यावरून नाहीसे होते आणि गोष्ट संपते.

जातककथेचा शेवट निराळा आहे. राणीला कोणी शिक्षा करत नाही. जे मागितले ते हाती येते आणि तेच तिला असह्य होते. अजिंठ्याच्या लेणी क्रमांक १० मध्ये ही कथा रंगवलेली आहे. सुळे पाहून राणी मूर्च्छित होते, तो क्षणही चित्रकाराने तेथे दाखवला आहे. पाचव्या शतकातील लेणी क्रमांक १७ मध्येही हीच कथा पुन्हा चितारली गेली. चित्रकारांना राणीचे दुःखही गजराजाच्या त्यागाइतकेच दाखवण्याजोगे वाटले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

ही कथा बुद्धाने का सांगितली, हेही जातकात दिलेले आहे. श्रावस्तीत धर्मोपदेश ऐकताना एका तरुण भिक्षुणीला पूर्वजन्म आठवला. आपण कधी काळी यांची पत्नी होतो, या आनंदाने ती हसली. पुढच्याच क्षणी, आपणच यांचा घात केला हे आठवून ती मोठ्याने रडली. तीच पूर्वीची चुल्लसुभद्दा होती. सोणुत्तर हा बुद्धाचा चुलतभाऊ देवदत्त होता, तर गजराज स्वतः बुद्ध होता. म्हणजे जिने घात केला, तिलाच पुढे बुद्धाच्या संघात जागा मिळाली.

भारहुतच्या कठड्यावर मगधाचा राजा अजातशत्रू बुद्धाला वंदन करताना कोरला आहे. बौद्ध परंपरेनुसार देवदत्ताच्या चिथावणीवरून याच राजाने आपला पिता बिंबिसार याचा घात केला होता. शिल्पकारांनी त्याला अपराध करताना न दाखवता नम्र होताना दाखवले. भारहुतच्या कलेने दुष्कृत्य झाकले नाही. त्याचबरोबर माणूस बदलू शकतो, ही शक्यताही झाकली नाही.

जातककथा पुढे चलच्चित्रांतही आल्या. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने १९५७ साली 'द बनियन डिअर' हा ॲनिमेशनपट तयार केला. डिस्नेचे चित्रकार क्लेअर वीक्स यांनी तेथील कलाकारांना मार्गदर्शन केले होते. त्यामागील जातकात हरणांचे दोन राजे आहेत. गाभण हरिणीची विनवणी एक राजा धुडकावतो, तर दुसरा तिच्याऐवजी स्वतःचा जीव द्यायला निघतो. दगड, भिंत आणि पडदा अशी साधने बदलत गेली; सत्ता हाती आल्यावर कोण कसा वागतो, हा प्रश्न मात्र तोच राहिला.

शब्दार्थ

कठडा – स्तूपाभोवतीचे दगडी कुंपण
वालुकाश्म – वाळूपासून बनलेला खडक
पट्टराणी – राजाची मुख्य राणी
अढी – मनात धरलेला राग
काषाय वस्त्र – भगव्या रंगाचे, संन्याशाचे वस्त्र
चिथावणी – वाईट कृत्यासाठी दिलेली फूस
पक्षपात – एकाची बाजू घेऊन वागणे

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा.
(अ) भारहुतचा कठडा सध्या कोठे आहे? – साँची / कोलकाता / वाराणसी
(आ) राणीने कोणते कारण सांगून सुळे मागितले? – डोहाळा / यज्ञ / दान

२. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गजराजाने शिकाऱ्याला जिवंत का सोडले?
(आ) चुल्लसुभद्देच्या अंगावर मुंग्या कशामुळे पडल्या?

आपण काय शिकलो?

• कोलकात्याच्या संग्रहालयातील भारहुत शिल्पांत जातककथा नावांसह कोरलेल्या आहेत.
• राजघराण्यातील खलपात्र बहुधा दुसऱ्याच्या हातून आणि मान्य रीतींच्या आडून कपट साधते.
• मनात दडपलेल्या लहानशा दुःखातूनही मोठा अनर्थ घडू शकतो.
• जातककथा खलपात्राला केवळ शिक्षा देऊन थांबत नाही. त्याच्या पश्चात्तापाला जागा देते.

स्वाध्याय

१. 'राणीला सुळे नको होते,' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. चुल्लसुभद्देच्या दुःखाला गजराज काही अंशी जबाबदार होता काय? सकारण लिहा.
३. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या ॲनिमेशनपटातील खलपात्राची चुल्लसुभद्देशी तुलना आठ-दहा ओळींत करा.
४. चुल्लसुभद्दा शालवनातून परतताना गजराजाशी मोकळेपणाने बोलली असती, तर त्या दोघांत काय संवाद झाला असता? कल्पनेने लिहा.