नावाचा सातबारा

आमच्याकडे कर्जतला जमिनीचा विषय निघाला की माणूस आधी सातबारा मागतो, मग फेरफार काढतो आणि तरीही वकिलाला विचारतो. मीही त्यातलाच. कोंदिवड्याच्या वाटेवर, भातशेताच्या कडेला पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या, तेव्हा हातभर हद्दीसाठी सरकारी मोजणी करून घेतली होती. त्याच खोल्यांची वेबसाइट मात्र भाच्याच्या ओळखीतल्या एका मुलाला फोनवर देऊन टाकली. पंचवीस हजार ठरले, निम्मे आगाऊ. कागद काहीच नाही.

मुलगा हुशार, काम देखणं. पण इकडे तो कधी फिरकलाच नव्हता. 'जवळची ठिकाणं' म्हणून त्यानं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य टाकलं! ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात. आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यातल्या महडच्या वरदविनायकाची खूण त्यानं चवदार तळ्याच्या महाडला नेऊन लावली. एका कान्यापायी अष्टविनायकातला एक गणपती डोंगरापार गेला. तेव्हा हसलो. पण मजकूर आपणच लिहून द्यावा, हे कळलं. कोणत्या स्टेशनवर उतरायचं, पावसात कोणता रस्ता बंद होतो, धबधब्यांवर बंदी कधी लागते, हे लांब बसलेल्याला कुठून कळणार?

खरा फटका दुसऱ्या वर्षी जुलैत बसला. ऐन हंगामातल्या शनिवारी ठाण्याच्या नेहमीच्या पाहुण्यांचा फोन आला, साइट उघडत नाही. चौकशी केली तर डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्या मुलाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर. त्याचं कार्ड बदललं, नूतनीकरण राहिलं. तो बंगळूरला नोकरीला लागलेला, नंबरही नवा. डोमेन विकणारी कंपनी एकच सांगे: नोंदलेल्या ईमेलवरूनच विनंती हवी. पैसे माझे, खोल्या माझ्या, उताऱ्यावर भलताच! तो सापडेपर्यंत अकरा दिवस गेले. "विसरलोच हो काका," म्हणाला आणि त्याच दिवशी नाव माझ्या खात्यात वळवून दिलं. त्याच्या मनात खोट नव्हती. '.इन' नावांचे वाद निक्सी या संस्थेच्या लवादाकडे नेता येतात, पण तिथे समोरच्याचा वाईट हेतू दाखवावा लागतो. विसरभोळेपणाला तिथे कलम नाही.

आता खालापूर-खोपोलीकडचे ओळखीचे विचारतात, तेव्हा सांगतो: डोमेन आणि होस्टिंग आपल्याच ईमेलवर, आपल्याच पैशानं घ्या. डिझायनरला कामापुरता प्रवेश द्या. शेवटचा हप्ता सगळे पासवर्ड हातात आल्यावर. आणि त्याची नवी कामं बघून भुलू नका. दोन वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईक शोधा, साइट चालू आहे का विचारा.

एक गोष्ट मला वकिलानं सांगेपर्यंत ठाऊक नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या डिझाइनचे आणि कोडचे हक्क, वेगळा करार नसेल तर, सर्वसाधारणपणे त्याचेच राहतात. पैसे चुकते केले म्हणून ते आपले होत नाहीत. हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यातही मुदत लिहिली नाही, तर ती पाचच वर्षं धरतात. मी एका पानाचा कागद करून घेतला, मुदतीसकट.

गेल्या पावसाळ्यात तो मुलगा बायकोला घेऊन दोन दिवस राहून गेला. उतरला मात्र नेरळला. 'कर्जतला उतरावे' ही ओळ मी लिहून दिलेली, साइटवर त्यानंच चढवलेली.