चवळीचे बी

मुलांनो, महाड तालुक्यातील वीर हे गाव सावित्री नदीच्या खोऱ्यात वसले आहे. पावसाळ्यात या भागात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तोच प्रदेश फाल्गुन-चैत्रात उन्हाने करपून जातो. अशा कोरड्या दिवसांत, पाटाचे पाणी नसताना, येथे चवळी कशी पिकते?

भाताची कापणी झाली की खाचरात थोडी ओल उरते. ती आटण्यापूर्वी चवळी पेरावयास हवी. विलंब झाला तर बी उगवतच नाही. ओल खाली उतरू लागली की चवळीचे सोटमूळही तिच्यामागे खोल जाते. पाण्याचा ताण पडला म्हणजे भर दुपारी तिची पाने सूर्याकडे कड करून उभी राहतात, त्यामुळे ऊन कमी लागते. मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र मिळवून देतात. म्हणून खताचीही तिला फारशी अपेक्षा नसते.

चवळीचे फूल पहाटे उमलते व दुपारपर्यंत मिटते. परंतु त्याचे परागीभवन बहुधा उमलण्यापूर्वीच आतल्या आत झालेले असते. त्यामुळे आजीने पेरलेल्या चवळीचे गुण नातीच्या चवळीत जसेच्या तसे उतरतात. मात्र मधल्या काळात बी जगले पाहिजे! निरोगी वेलावरील भरदार शेंगा बियाण्यासाठी हेरून वेलावरच वाळू द्याव्या लागतात. कोवळ्या शेंगांची भाजी ज्याला आवडते, त्याला हा संयम किती कठीण, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

खरा शत्रू पुढेच आहे. भुंगा दाण्यावर अंडी घालतो, अळी आत शिरून दाणा पोखरते, आणि वाटोळे भोक पाडून नवा भुंगा बाहेर पडतो. एका पावसाळ्यात सारे बियाणे फोल होऊ शकते. म्हणून जुन्या घरांतून दाणे कडकडीत उन्हात वाळवून चुलीच्या राखेत मिसळतात आणि मडक्याचे तोंड शेणमातीने लिंपतात. दाण्यांमधील फटी राखेने भरल्या की भुंग्याला फिरावयास जागाच राहत नाही.

सह्याद्रीपलीकडे, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी, राहीबाई पोपेरे यांनी अशाच गावठी बियाण्यांचा मोठा संग्रह केला. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडून जो बी नेतो, त्याने पीक आल्यावर दुप्पट बी परत आणून द्यावे, असा त्यांचा आग्रह असतो.