मलकीसदेक, अबीमलेख आणि म-ल-क

मराठी बायबलात तीन नावं आहेत: मलकीसदेक, अबीमलेख आणि रूथच्या पुस्तकातला अलीमलेख. तिन्हींत 'राजा' हा एकच हिब्रू शब्द दडलाय. वाचताना ते ध्यानात येत नाही, कारण एकदा क आलाय नि दोनदा ख.

हिब्रूत मुळात व्यंजनंच लिहीत. राजाचं मूळ तीन अक्षरांचं: मेम, लामेद, काफ. हा सांगाडा तोच राहतो, स्वर बदलले की शब्द बदलतो. मेलेख म्हणजे राजा, मल्का म्हणजे राणी, मालख म्हणजे 'त्याने राज्य केलं', यिमलोख म्हणजे 'तो राज्य करील'. आमच्या राजेश्वर-बीदर भागातल्या लोकांना हे नवं वाटू नये. उर्दूतही जेर-जबर सहसा लिहीत नाहीत, वाचणारा ओळखीने वाचतो.

पण हिब्रू रोजच्या बोलण्यातून गेली. मग शास्त्रवाचन चुकू नये म्हणून साधारण ७व्या ते १०व्या शतकात गालीलातल्या तिबिर्या इथल्या मसोरा पंडितांनी अक्षरांच्या खाली, वर, पोटात टिंबं आणि रेघा दिल्या. मूळ अक्षराला मात्र हात लावला नाही. मला त्यांचं हेच मोठं वाटतं.

काफच्या पोटात टिंब असेल, त्याला दागेश म्हणतात, तर क. नसेल तर घशातला ख. म्हणून मल्का, पण मेलेख. मल्कातल्या लामेदखाली शवा येते: एकाखाली एक दोन टिंबं, आपल्या हलन्तासारखी. (काही ठिकाणी ती ओझरता स्वरही देते, तो ताप वेगळाच.)

आता रोमन लिपीत नुसता उच्चार उतरवला तर एकीकडे 'के', दुसरीकडे 'केएच' होतं आणि मूळ हरवतं. म्हणून अभ्यासक मऊ काफसाठी 'के'खाली रेघ देतात: आवाज बदलला, अक्षर तेच. देवनागरीत नुक्ता द्यावा म्हटलं, तर क़ म्हणजे कोफ, ते हिब्रूत निराळंच अक्षर. मी वहीत क लिहून खाली रेघ मारतो.

मराठीतून हिब्रू शिकवणं नवं नाही. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत बेने इस्राएल समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं होतं.

आणि म-ल-क शोधायला बायबलच उघडावं असंही नाही. बीदरचा मदरसा बांधणाऱ्या महमूद गवानचा किताब होता मलिक-उत्-तुज्जार, व्यापाऱ्यांचा राजा. अरबी मलिक हा हिब्रू मेलेखचा चुलतभाऊच.