घराला बेज रंग काढताय? आधी भिंतीचं माप, मग दर

‘चौरस फुटाला अठरा रुपये’ एवढ्यावर पेंटरला हो म्हणू नका. हा दर भिंतीच्या मापावर असतो, कार्पेट एरियावर नाही. छत धरून रंगवायची जागा कार्पेटच्या तीन ते साडेतीन पट भरते. म्हणजे ६०० फुटांच्या टू बीएचकेत १,८०० ते २,१०० फूट. जुना रंग धड असेल, किरकोळ लांबी (पुट्टी) आणि रंगाचे दोन हात पुरणार असतील, तर मुंबई-पुण्यात साध्या इमल्शनला मजुरीसह फुटाला १२ ते १८ रुपये धरा: एकूण २२ ते ३८ हजार. धुता येणाऱ्या महागड्या इमल्शनला २२ ते ३०, म्हणजे छतालाही तोच धरला तर ४० ते ६३ हजार. छताला साधा पांढरा पुरतो. तिथे महाग रंग घालू नका.

खरा खर्च दरपत्रकात नसलेल्या गोष्टींचा. पोपडे खरवडणं, पूर्ण लांबी, प्रायमर, फर्निचर सरकवणं, प्लास्टिक अंथरणं, राडारोडा उचलणं, दारं-ग्रिलचा ऑइलपेंट: प्रत्येकापुढे ‘धरलंय’ की ‘वेगळं’ हे लिहून घ्या. दारं-खिडक्यांचं माप वजा होणार का, तेही. गडद भिंतीवर बेज चढवायचा तर तिसरा हात लागू शकतो. त्याचा दर आधीच ठरवा. रंगाच्या बादलीवर पेंटरला कंपनीचे टोकन-पॉइंट मिळतात, म्हणून त्याने एकाच ब्रँडचा आग्रह धरला तर दुसऱ्याचाही दर काढा. बादल्या सीलबंद आल्या पाहिजेत, तुमच्यासमोर उघडल्या पाहिजेत. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. जास्त पाणी घातलेला रंग पहिल्या महिन्यात ओळखू येत नाही, पुसायला गेलात की कळतो.

शेडकार्डावरून बेज निवडू नका. कुठला गुलाबीकडे झुकतो, कुठला पिवळ्याकडे, कुठला हिरवट. छोटा नमुना डबा घ्या, दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे पट्टे मारा, दिवसा आणि रात्री तुमच्याच दिव्यांत बघा. पिवळसर एलईडीत पिवळा बेज फारच पिवळा दिसतो. मशीनवर मिसळलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही.

ओल असेल तर आधी गळती काढा. त्यावर रंग म्हणजे पैसे पाण्यात. जून ते सप्टेंबर टाळा. दिवाळीआधी पेंटर मिळत नाहीत आणि दर चढतात. दिवाळीनंतर घासाघीस जमते. राहत्या घरात आठवडा धरा, पूर्ण लांबी असेल तर दहा-बारा दिवस.

सोसायटीला अर्ज, कामगारांच्या ओळखपत्रांच्या प्रती, कामाच्या वेळा आणि अनामत आधी विचारा. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. आगाऊ पाव रकमेपेक्षा जास्त देऊ नका. शेवटचा हप्ता दिवसाउजेडी भिंती तपासल्यावरच. बिल मागा, शेड कोडचा फोटो काढा आणि उरलेला लिटरभर रंग घट्ट झाकून ठेवा. पुढे डागडुजीला तोच लागेल.