रोजच्या मनगटावरचे महागडे घड्याळ

महागडे मनगटी घड्याळ रोज घालण्यासाठीच बनवलेले असते. पोलादी केस, नीलमण्याची काच, आट्यांवर आवळली जाणारी चावी आणि जागोजागचे रबरी सील ही सगळी योजना धूळ, घाम, पाणी आणि हादरे गृहीत धरून केलेली असते. रोलेक्सने पाण्याला दाद न देणारी ‘ऑयस्टर’ केस १९२६ मध्ये आणली. तोलचक्राच्या नाजूक आसाला धक्क्यापासून वाचवणारी ‘इन्काब्लॉक’ ही रचना १९३० च्या दशकातली आहे. भारतात एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना उभा केला, आणि तिथले चावीचे ‘जनता’ शेतकऱ्यांनी, मास्तरांनी, रेल्वेतल्या नोकरदारांनी वर्षानुवर्षे हातावरच वापरले. आजच्या लाखमोलाच्या घड्याळाचे साहित्य त्याहून कितीतरी दणकट असते. तरीही शिरूर-दौंडकडे ते घालणाऱ्याला ‘गावाकडे हे कशाला?’ असे दुकानदारापासून पाहुण्यापर्यंत सगळे विचारतात. याचे उत्तर घड्याळाच्या रचनेतच आहे. रोजच्या वापराने चांगले घड्याळ सहसा खराब होत नाही. एकदा उघडल्यावर ते नीट मिटले गेले नाही, तर मात्र हमखास खराब होते.

या भागातला पहिला विषय धूळ. पुणे-अहिल्यानगर रस्ता, न्हावरे-चौफुला रस्ता, घोड आणि भीमेच्या काठची वाळू, ऊसतोडीच्या हंगामातले पाचट यांची धूळ पावसाळा सोडला तर कायम अंगावर असते. खनिजांची कठिनता मोजण्याच्या मोहस् श्रेणीत हिरा १० वर, नीलमणी ९ वर आणि गारगोटी ७ वर आहे. घड्याळाचे पोलाद गारगोटीपेक्षा मऊ असते. म्हणून वाळूच्या कणाचे ओरखडे केसवर आणि कडीवर उठतात, नीलमण्याच्या काचेवर उठत नाहीत. साध्या मिनरल काचेवर मात्र तेही उठतात. धुळीने माखलेले घड्याळ सदऱ्याच्या टोकाने कोरडे पुसू नये, कारण पुसणाराच त्या कणांनी केस घासत असतो. चावी आवळून आधी साध्या पाण्याखाली धरावे, मग मऊ कापडाने टिपावे. पोलादी पट्ट्याच्या सांध्यांत घाम आणि धूळ मिळून कणिकेसारखा थर बसतो आणि तो सांधे झिजवतो. महिन्यातून एकदा मऊ दातघासणी आणि साबणाचे थेंब एवढे त्याला पुरते. नीलमणी ओरखड्याला हटत नाही, पण ठिसूळ असतो. कडेवर लोखंडी पान्याचा किंवा दाराच्या चौकटीचा फटका बसला तर त्याचा कपचा उडतो.

दुसरा विषय पाणी. तबकडीवरचे ‘३० मीटर’ म्हणजे ३० मीटर खोल बुडी मारण्याची परवानगी नव्हे. १० मीटर पाण्याचा दाब साधारण १ बार धरला, तर ते ३ बार दाबाच्या चाचणीचे चिन्ह आहे. व्यवहारात ३० मीटरचे घड्याळ पावसाच्या शिंतोड्यांपुरते, ५० मीटरचे थोड्या पोहण्यापुरते आणि १०० मीटरचे, आट्यांची चावी असलेले घड्याळ विहिरीत पोहायलाही चालते. पाण्यात असताना चावी ओढू नये. सीलचे रबर गरम पाणी, साबण आणि वाफ यांनी लवकर म्हातारे होते. त्यामुळे अंघोळीच्या वेळी आणि गुऱ्हाळावर उकळत्या काहिलीजवळ काम करताना घड्याळ काढलेले बरे. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्यांनी सॉल्व्हंट किंवा आम्ल हाताळताना ते कपाटात ठेवावे. तिथे रबर आणि चामडे दोन्ही जातात. जेजुरीला जाताना चामडी पट्टा घालू नये. भंडाऱ्याचा पिवळा डाग चामड्यातून निघत नाही.

तिसरा विषय चुंबकत्व. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ‘चुंबकरोधक’ म्हणवणारे घड्याळ ४,८०० अँपिअर प्रतिमीटर एवढे क्षेत्र सोसते. वेल्डिंगची केबल, मोटारीचे उघडे वाइंडिंग, लग्नातल्या डीजेचा स्पीकर किंवा मोबाइलच्या कव्हरातले चुंबक अगदी जवळ आले तर तेवढे क्षेत्र सहज ओलांडले जाते. मग तोलचक्राच्या केसासारख्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकदम पुढे धावू लागते. प्रमाणित स्विस क्रोनोमीटरला दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद एवढी सूट असते. तेच घड्याळ अचानक मिनिटांनी पुढे जाऊ लागले तर बहुधा ते चुंबकाळलेले असते. चुंबक उतरवण्याचे काम काही क्षणांचे आहे. त्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचे बिल लावणाऱ्याकडून घड्याळ परत घ्यावे. क्षेत्र अंतराने झपाट्याने घटते, त्यामुळे रांजणगाव एमआयडीसीतल्या कामगाराने मोटारीपासून वीतभर लांब राहिले तरी बहुतेक वेळा पुरते.

धक्क्यांबाबतची भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. धक्कारोधक घड्याळाची चाचणी साधारण १ मीटरवरून लाकडी फरशीवर पडण्याएवढ्या माराची असते. मोटारसायकल खड्ड्यांतून नेल्याने काही होत नाही. घण, ग्राइंडर आणि रोटाव्हेटर यांच्या कामात मात्र ते काढावे. शर्यतीचा बैल धरतानाही काढावे, कारण तिथे कासरा पट्ट्यात अडकतो. घड्याळ हरवण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पट्टा केसला जोडणारी बारीक स्प्रिंगची पिन. ती स्वस्त असते आणि पट्टा बदलताना तीही बदलावी. दौंड-पुणे गाडीच्या गर्दीत पट्ट्याचा खटका उघडू शकतो, म्हणून दुहेरी कुलपाचा खटका घ्यावा.

इथवरचे सगळे धोके घालणाऱ्याच्या ताब्यात असतात. सर्व्हिसिंगचा धोका ताब्यात नसतो, आणि प्रस्तुत लेखकाचे नुकसान तिथेच झाले. घड्याळ शेतावर, कारखान्यात आणि गाडीत रोज वापरूनही बिनतक्रार चालत होते. सर्व्हिसिंगहून परत आले तेव्हा केसच्या कडा गोल झालेल्या होत्या. ‘पॉलिश फ्री करून दिलंय, सर,’ असे काउंटरवरून कौतुकाने सांगण्यात आले. पॉलिश म्हणजे धातू घासून काढणे. कारखान्यात कापलेल्या धारदार कडा त्यात एकदाच जातात आणि पुन्हा येत नाहीत. पुढे विकताना किंमतही त्यामुळेच घटते. न विचारता केलेल्या या कामाबद्दल कोणाला काही वाटले नाही.

पुढे पहिल्याच पावसात काचेच्या आतून धुके आले. काउंटरवरची कारणे तेव्हापासून दर खेपेला बदलत गेली. आधी ‘एसीतून उन्हात आला असाल’. मग ‘चावी उघडी राहिली असेल’. मग ‘विहिरीत पोहलाच असाल’. शेवटी, ‘सर, गावाकडं असंच व्हायचं. ही घड्याळं ऑफिसात वापरायची असतात.’ हे वाक्य लेखकाला अजून बोचते. ज्या घड्याळाच्या झाकणावर १०० मीटर कोरलेले आहे, ते पावसात भिजले म्हणून घालणाऱ्याच्या गावाला दोष देणे हा कामाचा हिशेब टाळण्याचा मार्ग आहे. गिऱ्हाईक शिरूरचे आहे की कोथरूडचे, हे रबराला कळत नाही.

उलगडा पुण्यातल्या दुसऱ्या, वयस्क घड्याळजीच्या टेबलावर झाला. त्यांनी झाकण उघडून भिंग लेखकाच्याच हातात दिले. झाकणाच्या खाचेतले रबरी कडे एका ठिकाणी चिमटून कापले गेले होते. गंज बरोबर त्या कापापासून सुरू होऊन मशीनच्या त्या एका बाजूला पसरला होता. चावीची नळी आणि तिचा दांडा मात्र लख्ख कोरडे होते. चावी उघडी राहून पाणी शिरले असते तर गंज आधी तिथे दिसला असता. म्हणजे पाणी वापरणाऱ्याच्या बाजूने शिरलेच नव्हते. झाकण बसवताना सील नीट खाचेत न बसवता ते आवळण्यात आले होते. दाबाची चाचणी घेतली असती तर ही गळती काही मिनिटांत सापडली असती. जॉब कार्डवरचा त्या चाचणीचा रकाना कोराच ठेवलेला होता. फोटो दाखवल्यावर सर्व्हिसिंगचे पैसे परत मिळाले. मशीनच्या दुरुस्तीचा खर्च मिळाला नाही, आणि ‘चूक झाली’ हे दोन शब्दही मिळाले नाहीत.

यातून काउंटरवर करायच्या गोष्टी ठरतात. घड्याळ देण्यापूर्वी चारही बाजू, कडा, काच आणि झाकण यांचे उजेडात फोटो घ्यावेत. जॉब कार्डवर केसचा अनुक्रमांक, असलेले ओरखडे आणि ‘पॉलिश करू नये’ हे शब्द आपल्या डोळ्यांसमोर लिहून घ्यावेत. झाकण उघडले गेले, मग ते नुसत्या बॅटरीसाठी का असेना, तर नवे सील आणि दाबाची चाचणी झालीच पाहिजे. किती बारला चाचणी केली तो आकडा कार्डावर मागावा. ‘टेस्ट केली आहे’ या तोंडी बोलण्याला किंमत नाही. बदललेले सुटे भाग परत मागावेत. घड्याळ घेताना तिथेच काटे, तारीख आणि चावीच्या आट्या तपासाव्यात; तारीख रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात हाताने बदलू नये, कारण त्या वेळी अनेक यंत्रांत तारखेचे दाते गुंतलेले असतात. काचेखाली धुके दिसले तर हेअर ड्रायर किंवा तांदळाचा डबा यांच्या नादी लागू नये. त्याच दिवशी घड्याळ उघडून सुकवून घ्यावे, कारण गंज वाट पाहत नाही.

दुकान ऐकत नसेल तर कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेची तक्रार ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातही करता येते. त्यामुळे शिरूर किंवा दौंडच्या रहिवाशाला पुणे जिल्हा आयोगाकडे जाता येते, दुकान कुठेही असो. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत ती दाखल करावी लागते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. पुष्कळदा तेवढ्यानेच दुकानाची भाषा बदलते. दुसऱ्या घड्याळजीचा लेखी अभिप्राय आणि उघडलेल्या झाकणाचे फोटो हा खरा पुरावा. तो घेतल्याशिवाय दुरुस्ती करून टाकू नये, कारण दुरुस्तीबरोबर पुरावाही पुसला जातो.

कागदपत्रे जपून ठेवावीत. पक्के बिल, वॉरंटी कार्ड आणि अनुक्रमांकाचा फोटो घड्याळापासून वेगळ्या जागी असावा. २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारायला कायद्याने बंदी आहे, आणि २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेता १ टक्का कर गोळा करतो. तेव्हा ‘बिलाशिवाय स्वस्तात’ म्हणणाऱ्याकडे जाऊच नये. घराच्या विम्यात अशी वस्तू बहुधा वेगळी नोंदवावी लागते. झीज आणि यंत्रातला बिघाड त्यात सहसा येत नाहीत, म्हणून पॉलिसीची वगळणी आधी वाचावी.

यांत्रिक घड्याळाचे पूर्ण सर्व्हिसिंग साधारण ५ ते १० वर्षांनी, उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे करावे. दाबाची चाचणी मात्र दरवर्षी मृगाच्या आधी करून घ्यावी. चाचणीत घड्याळ खरे उतरले की पुढचा पावसाळा ते मनगटावरून काढण्याचे कारण उरत नाही, मग ते मनगट गावाकडचे असो की शहरातले.