खासदाराच्या नोंदवहीत काय लिहावं

यवतमाळ

चि. भाचीस,


आपल्या जिल्ह्याच्या खासदारांचा हिशेब मांडायचं तू मनावर घेतलंस आणि तक्ता आखून पाठवलास: हजेरी, प्रश्न, भाषणं, मतदान आणि शेवटी शंभरपैकी गुण. पहिले चार रकाने राहू देत, पाचवा खोडून टाक. खासदारांची दया येते म्हणून हे सांगत नाही. या चार गोष्टींची बेरीजच होत नाही, कारण त्यांतलं काही माणूस आपल्या मर्जीनं करतो आणि काही त्याच्याकडून करवून घेतलं जातं. म्हणून कुठलीही नोंद करण्याआधी एक प्रश्न विचारत जा: या ठिकाणी वेगळं वागायची त्याला कितपत मोकळीक होती? मोकळीक जितकी कमी, तितकी ती नोंद पक्षाची समज. बाकी सगळं पत्र याच एका कसोटीबद्दल आहे.

आधी तक्त्यातली एक ढोबळ दुरुस्ती. 'यवतमाळचा खासदार' असं तू वर लिहिलं आहेस, पण जिल्ह्याला खासदार तीन आहेत. 2008 च्या पुनर्रचनेनंतर यवतमाळ, दिग्रस, पुसद आणि राळेगाव हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळ-वाशीममध्ये आले, वणी आणि आर्णी चंद्रपूरला जोडले गेले आणि उमरखेड हिंगोलीकडे गेलं. 2024 साली या तीन जागांवरून अनुक्रमे संजय देशमुख, प्रतिभा धानोरकर आणि नागेश पाटील आष्टीकर निवडून आले. वणीच्या कोळशाबद्दल यवतमाळ-वाशीमच्या खासदाराला जाब विचारणारे लोक मोर्चे काढतात तेव्हा पत्ताच चुकलेला असतो. तेव्हा वह्या तीन कर. चंद्रपूरच्या वहीत एक मोठी मोकळी जागाही येईल, तिथे उगाच लाल शेरा मारू नकोस. तिथले खासदार बाळू धानोरकर 30 मे 2023 रोजी गेले आणि 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत ती जागा रिकामीच राहिली; पोटनिवडणूक झाली नाही. महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती 20 सप्टेंबर 2023 रोजी लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी संमत झाली, तेव्हा वणी-आर्णीच्या वतीनं चिठ्ठी टाकायला सभागृहात कुणीच नव्हतं. ही गैरहजेरी कुणा सदस्याची नव्हे. तिचा जाब विचारायचाच तर पोटनिवडणूक न घेणाऱ्यांना विचार.

आता मतदान. 1985 साली 52 वी घटनादुरुस्ती झाली, दहावं परिशिष्ट आलं आणि पक्षादेश मोडून मत देणाऱ्याची किंवा मतदानाला न येणाऱ्याची खासदारकीच धोक्यात आली. पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं तरच सुटका. 1992 मध्ये किहोतो होलोहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा मान्य केला. मात्र अपात्रतेची ही तलवार सरकारच्या जीवनमरणाच्या आणि पक्षाच्या मूळ धोरणाच्या मतदानापुरतीच असावी, असा सूर त्याच निकालात होता. पक्षांनी तो ऐकला नाही. साध्यासुध्या विधेयकांनाही पक्षादेश, म्हणजे व्हिप, निघतो. त्यामुळे 1985 च्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी एका मापानं मोजता येत नाहीत. वणीचे लोकनायक बापूजी अणे तिसऱ्या लोकसभेत नागपुरातून अपक्ष म्हणून बसले होते. त्यांचं प्रत्येक मत त्यांचं स्वतःचं होतं. आजच्या पक्षाच्या खासदाराच्या 'होय'चं तसं नाही. नागरिकत्व दुरुस्ती विधेयक घे. 9 डिसेंबर 2019 च्या मध्यरात्रीनंतर ते लोकसभेत 311 विरुद्ध 80 नं संमत झालं, तेव्हा शिवसेना बाजूनं होती. दोनच दिवसांनी राज्यसभेत 125 विरुद्ध 105 असा निकाल लागला, तेव्हा शिवसेनेचे तिघे मतदानापासून दूर राहिले. मुंबईत महाविकास आघाडीचं सरकार येऊन तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. या दोन तारखांमधून पक्षाचं गणित दिसतं. शिवसेनेच्या एखाद्या खासदाराचं त्या विधेयकाबद्दल स्वतःचं मत काय होतं, ते यातून कळत नाही. (यादीत त्याचं नाव आहे की नाही हे मात्र यादीतच बघ. पक्ष बाजूनं होता म्हणून सदस्यही होता, असं गृहीत धरण्याचा आळस भलेभले करतात.)

आपल्या जिल्ह्यात तर ही गोष्ट जरा जास्तच लख्ख दिसते, कारण पक्षादेश बजावणारी व्यक्तीच इथून निवडून गेलेली होती. भावना गवळी लोकसभेत शिवसेनेच्या मुख्य प्रतोद होत्या. पक्ष फुटल्यावर जुलै 2022 मध्ये ठाकरे गटानं त्यांना काढून राजन विचारे यांना नेमलं. त्याच महिन्यात लोकसभा अध्यक्षांनी शिंदे गटाचे राहुल शेवाळे यांना गटनेते आणि गवळींना मुख्य प्रतोद म्हणून मान्यता दिली. म्हणजे काही दिवस एकाच पक्षाचे दोन प्रतोद आणि दोन आदेश निघण्याची वेळ होती. 11 मे 2023 रोजी महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. तुझ्या कामासाठी यातून इतकंच घे: त्या काळातल्या मतांपुढे 'पक्षाप्रमाणे' असं लिहून भागणार नाही, कोणत्या पक्षादेशाप्रमाणे तेही लिहावं लागेल.

मोकळीक नसताना ती कुणी घेतली, तर ती नोंद सर्वांत बोलकी. असं एक उदाहरण यवतमाळच्याच नावावर आहे आणि आपण ते जवळपास विसरलो आहोत. 22 जुलै 2008 रोजी अणुकरारावरून मनमोहनसिंग सरकारनं विश्वासदर्शक ठराव 275 विरुद्ध 256 मतांनी जिंकला. त्या दिवशी पक्षादेश न पाळल्याबद्दल भाजपनं ज्या खासदारांची हकालपट्टी केली, त्यांत यवतमाळचे हरिभाऊ राठोड होते. पुढच्या वर्षी ते काँग्रेसच्या तिकिटावर यवतमाळ-वाशीममधून उभे राहिले आणि भावना गवळींकडून हरले. त्यांनी हे का केलं हे मी सांगणार नाही, तूही सांगू नकोस. बंड नेहमी तत्त्वासाठीच होतं असं नाही, आणि नेहमी सौद्यासाठीच होतं असंही नाही. हकालपट्टी आणि पुढची उमेदवारी या दोन गोष्टी शेजारी शेजारी लिही, वाचणारा काय ते ठरवेल.

यावर तू म्हणशील, मत जर पक्षाचंच, तर मतदानाचा रकाना ठेवायचा कशाला? ठेवायचा, कारण पक्ष निवडताना तो मोकळा होता. ज्या पक्षाचा एबी फॉर्म त्यानं घेतला, त्या पक्षाच्या कायद्यांची जबाबदारीही घेतली. पुढे गावात येऊन 'मला आतून पटलं नव्हतं' असं तो म्हणाला, तर त्याच्यापुढे ठेवायला यादी हवी. फक्त त्या यादीवरून त्याच्या मनाचा अंदाज बांधू नकोस. खरी अडचण वेगळीच आहे: बहुतेक वेळा यादीच नसते. लोकसभेत साधी विधेयकं आवाजी मतदानानं निघतात. 'होय' म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा वाटला की अध्यक्ष निकाल सांगतात आणि नावं कुठेच उमटत नाहीत. नावं हवीत तर एखाद्या सदस्यानं निकालाला आव्हान देऊन मतविभाजन मागावं लागतं. ते उगाच मागितलंय असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं करून नुसती मोजणी करू शकतात, आणि तेव्हाही नावं लिहिली जात नाहीत. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथे मोजणी टळत नाही. साध्या कायद्यांना ती आपोआप मिळत नाही.

कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यासाठी ही किती मोठी पोकळी आहे ते बघ. शेती कायद्यांची विधेयकं लोकसभेत सप्टेंबर 2020 मध्ये आवाजी मतदानानं संमत झाली. राज्यसभेत 20 सप्टेंबरला विरोधक मतविभाजन मागत असताना गोंधळात तीच पद्धत वापरली गेली. मग 29 नोव्हेंबर 2021 रोजी हेच कायदे रद्द करणारं विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना, पुन्हा आवाजानंच निघालं. कायदे आले, वर्षभर दिल्लीच्या सीमेवर आंदोलन चाललं, कायदे गेले. आणि या सगळ्यात आपल्या तीन खासदारांनी काय मत दिलं याचा नावानिशी कागद नाही. अर्थसंकल्पाचंही तेच. 23 मार्च 2023 रोजी सुमारे 45 लाख कोटींच्या खर्चाला लोकसभेनं गदारोळात, चर्चेशिवाय काही मिनिटांत मान्यता दिली. संसदेत याला गिलोटिन म्हणतात आणि शब्द चपखल आहे. म्हणून मतविभाजन कुणी मागितलं, याचा एक वेगळा रकाना कर. ते मागताना सदस्य फक्त स्वतःचं मत नोंदवत नाही, बाकीच्यांनाही नोंद ठेवायला भाग पाडतो.

आता प्रश्नांकडे ये. इथे मोकळीक सर्वांत जास्त, कारण अमुक प्रश्न विचारू नको असा व्हिप निघत नाही. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात. तारांकितात उपप्रश्न विचारता येतो, पण यादीत वर येणं चिठ्ठीवर अवलंबून असतं. त्यामुळे तोंडी किती विचारले हा आकडा निम्मा नशिबाचा. एकूण आकड्याचंही फार कौतुक नको. 2005 च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा सदस्यांना संसदेनं बडतर्फ केलं. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले दोघे होते, जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे एम. के. पाटील. तुझ्या तक्त्यात तसल्या प्रश्नांनाही गुण मिळाले असते! उलट बाजूनं हंसराज अहीर यांचं बघ. चंद्रपूरचे, म्हणजे वणी-आर्णीचेही खासदार म्हणून कोळसा खाणवाटपाचा विषय त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरला. नोव्हेंबर 2014 मध्ये ते राज्यमंत्री झाले. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. हजेरीपटावर सहीही करत नाही. तुझ्या गुणपत्रिकेत त्याच माणसाची घसरण दिसली असती, आणि ती घसरण म्हणजे बढती होती. आकडा नको, विषय वाच. प्रश्न या जिल्ह्यातून उगवलाय का, तोच विषय उत्तर मिळाल्यावर पुन्हा धरलाय का, की देशभरच्या सगळ्या योजनांची यादी मागून पाट्या टाकल्यात, हे दहा मिनिटांत कळतं.

गावात तुला सगळ्यात जोरदार आक्षेप हा ऐकावा लागेल: भाषणं आणि मतं घेऊन काय करता, माणूस कामं करतो का ते सांगा. आक्षेप खोटा नाही. खासदार निधीचे वर्षाला पाच कोटी दिसतात, सभामंडपावर नाव लागतं. पण जिल्ह्याचं ज्याच्यावर चालतं ते पाच कोटींत बसत नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग 2008-09 मध्ये मंजूर झाला. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. हजारो कोटींचा हा खर्च संसदेनं मंजूर केलेल्या मागण्यांतून येतो आणि तिथे नावानिशी मत नसतं, हे वर लिहिलंच. मग नागरिकाच्या हाती उरतात ती प्रश्नांची उत्तरं. किती खर्च झाला, किती जमीन संपादित झाली, पुढची मुदत कोणती, हे मंत्र्याला लेखी द्यावं लागतं. 'पाहून सांगतो' असं म्हटलं तर ते आश्वासन समितीकडे जातं आणि साधारण तीन महिन्यांत ते पुरं करायचं असतं. वेगवेगळ्या वर्षांची उत्तरं एकाखाली एक लाव, प्रत्येक मुदतीपुढे ती कोणाच्या प्रश्नामुळे बाहेर आली ते लिही. कामाचा हिशेब प्रश्नोत्तरांतून निघतो तो असा.

आणि जे मताला आलंच नाही, त्यासाठीही एक पान ठेव. 2017 च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. देशात कायदा 1968 चा. नवं कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक मार्च 2020 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल 2021 मध्ये आला, आणि 17 वी लोकसभा संपेपर्यंत त्यावर मतदान झालं नाही. कोणत्याही खासदाराच्या मतदानाच्या यादीत हा विषय सापडणार नाही, कारण यादी फक्त मताला आलेल्या गोष्टींची असते. ते विधेयक कुठे अडलं, असं शून्य प्रहरात किंवा नियम 377 खाली कुणी, किती वेळा विचारलं ते शोध. इथे पक्षादेश नव्हता, कुणाला अडवलंही नव्हतं. म्हणून इथल्या गप्प बसण्याला मी चुकलेल्या मतापेक्षा जास्त वजन देईन. शून्य प्रहरात संधी सगळ्यांना मिळत नाही हे खरं, पण अतारांकित प्रश्न टाकायला संधीची वाट पाहावी लागत नाही.

तिन्ही वह्यांत मतदानाच्या रकान्यात चारच शेरे वापर: 'बाजूनं', 'विरुद्ध', 'यादीत नाव नाही' आणि 'आवाजी, नोंद नाही'. शेवटचे दोन एकत्र करू नकोस. पहिल्या वर्षी चौथा शेराच सगळ्यात जास्त वेळा लिहावा लागेल. तो कंटाळून गाळलास तर वही खोटी होईल. लोकसभेच्या वादविवादाचे खंड संकेतस्थळावर आहेत, मतविभाजनाच्या याद्या त्यांतच सापडतील. आमदारांच्या वह्या सध्या उघडू नकोस. आधी उमरखेडची वही पुरी कर, हिंगोलीच्या खासदाराला आपला जिल्हा किती आठवतो ते मलाही बघायचं आहे.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा